सभेतली घंटी

दोन ऑगस्टला आमच्याकडे मुक्तिदिन असतो. १९५४ साली याच तारखेला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या आमलीतल्या महिला मंडळात ठरलं, की यंदा झेंडावंदन आणि पेढे एवढ्यावर थांबायचं नाही, ज्यांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिलेत अशा बायकांकडून काही ऐकायचं. अशा राहिल्यात किती? शोधाशोध करून सात जणी मिळाल्या. प्रत्येकीला तीन मिनिटं. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणजे वेळ राखायचं कामही माझ्याकडे. त्यासाठी मी घरातली घंटी घेऊन गेले.

ही घंटी माझ्या आजेसासूबाईंच्या देव्हाऱ्यातली. काशाची आहे, हाताच्या पंज्याएवढी. माझं माहेर सांगलीचं, सासर मूळचं फलटणचं. नवऱ्याच्या सूतगिरणीतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, तेव्हा सामानाच्या ट्रकमधून ती माझ्या मांडीवर बसून आली. एवढी जवळची वस्तू सभेत नेताना मी फार विचार केला नाही. टेबलावर दुसरं काही वाजवायला नव्हतं, इतकंच.

चौथ्या उठल्या त्या आमच्या गल्लीतल्या बा. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. मुक्तीच्या वेळी आठ वर्षांच्या. त्यांचं बोलणं संथ. कुणाचं घर कुठे होतं, त्या वर्षी पाऊस कसा होता, दमणगंगेचं पाणी कुठवर चढलं होतं, यातच अडीच मिनिटं गेली. माझं लक्ष मोबाइलवरच्या आकड्यांकडे. मग त्या म्हणाल्या, "ते राते मारी दादीए..." आणि तेवढ्यात माझा हात हलला.

बा थांबल्या. माझ्याकडे पाहून हसल्या. "घंटडी वागी गई, बेटा," असं म्हणून खाली बसल्या. मी म्हटलं, "पूर्ण करा ना बा," पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि पाचव्या बाई पदर सावरत उठल्या होत्या. कार्यक्रम ठरल्या वेळी संपला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आपल्याकडे इतकं वेळेत कधी काही होत नाही म्हणून.

त्या रात्रीपासून ही घंटी माझ्या डोक्यात वाजते आहे. घंटी नेमकी कशासाठी असते? माणसं जमवायला की माणसांना गप्प करायला? बी. ए.ला माझा इतिहास होता. पुढे काही केलं नाही, पण वाचायची खोड राहिली आहे. म्हणून मी घंटेच्या मागे लागले.

सुरुवात घरातूनच. आपल्या पुराणांत घंटा कुठे येते, तर तीर्थंकरांच्या जन्माच्या वेळी. आम्ही दिगंबर. लहानपणी पंचकल्याणक पूजेत ऐकलेलं असं, की बालक जन्मलं आणि चारी प्रकारच्या देवांच्या निवासांत आपोआप नाद झाला. कल्पवासी देवांकडे घंटा वाजल्या, ज्योतिषी देवांकडे सिंहनाद, व्यंतरांकडे भेरी आणि भवनवासींकडे शंख. कुणी वाजवलं नाही, वाजले. आमलीत मात्र माझ्या बहुतेक मैत्रिणी श्वेतांबर. त्यांच्या आगमात हीच गोष्ट वेगळी आहे आणि खरं सांगायचं तर सभा चालवणाऱ्या बाईला ती अधिक उपयोगी आहे.

तिथे शक्रेंद्राचं आसन हलतं. जन्म झाल्याचं त्याला कळतं. सगळ्या देवांना मेरूवर अभिषेकाला घेऊन जायचं आहे. तो हरिणैगमेषी देवाला बोलावून सुघोषा घंटा वाजवायला सांगतो. हा हरिणैगमेषी म्हणजे तोच, ज्याने देवानंदेच्या कुशीतला गर्भ त्रिशलामातेच्या कुशीत अलगद नेऊन ठेवला अशी त्यांच्याकडे श्रद्धा आहे. म्हणजे हात किती हलका असेल पाहा! सुघोषा घंटा केवढी, तर एक योजन घेराची, मेघासारख्या गंभीर आणि गोड आवाजाची. तो ती तीनदा वाजवतो. सौधर्म देवलोकात बत्तीस लाख विमानं. प्रत्येक विमानातली घंटा त्या नादाने आपली आपण वाजू लागते. देव आपापल्या सुखात गुंग असतात, ते दचकून भानावर येतात, कान टवकारतात.

आता यापुढचा भाग मी कितीतरी वेळा ऐकला होता, पण बांचा प्रसंग घडेपर्यंत कानावरून गेला होता. हरिणैगमेषी लगेच बोलत नाही. घंटांचा तो सगळा कल्लोळ विरून पूर्ण शांत झाल्यावरच तो इंद्राचा निरोप सांगतो. इंद्राचा सेनापती, देवांना आज्ञा करू शकणारा, पण नाद संपेपर्यंत थांबतो. आणि घंटा वाजते ती कुणी बोलत असताना नाही. बोलण्याच्या आधी वाजते, सगळ्यांचं लक्ष एका ठिकाणी यावं म्हणून. अख्ख्या कथेत ती कुणाचं तोंड बंद करायला वाजलेली नाही.

मग ही दुसरी घंटा आली कुठून, वेळ संपल्याची?

ती आली घड्याळातून. आपला मराठी 'तास' हा शब्दच पाहा. तास म्हणजे टोल देण्याची धातूची थाळी. पूर्वी वेळ मोजायला घटिकापात्र असे, तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. ते पाण्यावर तरंगत ठेवायचं, भरून बुडालं की एक घटका झाली, चोवीस मिनिटं. अजून काही घरांतल्या लग्नांत गुरुजी ते हौसेने मांडतात. वाड्यावर, कचेरीत, चौकीवर घटका मोजणारा माणूस बसे आणि भांडं बुडालं की थाळीवर टोला मारी. थाळीचं नाव वेळेला चिकटलं. हिंदीत तर 'घंटा' म्हणजेच तास. आमच्या सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे नेमक्या दोन घटका, तो याच हिशोबातून आलेला. पण सामायिक संपलं म्हणून कुणी घंटा वाजवत नाही. स्थानकवासी मैत्रिणी वाळूची घडी समोर ठेवतात. वाळू मुकाट्याने खाली उतरते, ज्याची त्याने पाहावी.

म्हणजे बोलावणारी घंटा देवळाची आणि मोजणारी थाळी सरकारी. शाळेत दोन्ही एक झाल्या. आमच्या सांगलीच्या शाळेत रुळाचा तुकडा निंबाच्या झाडाला तारेने टांगलेला होता. तोच प्रार्थनेला बोलावी, तोच तास संपल्याचं सांगे. त्याचे टोल ऐकूनच आम्ही वाढलो, म्हणून घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की गप्प बसायचं हे अंगात भिनलं. बा शाळेत फार गेल्या नाहीत. तरीही बसल्या.

लोकसभेतही दोन्ही घंटा आहेत. मतविभाजन असेल तेव्हा साडेतीन मिनिटं घंटा वाजत राहते, ती आवारात पांगलेल्या सदस्यांना आत बोलावते. ती संपली की दारं बंद. आणि अध्यक्षांच्या हाताखालची बेल सदस्याला वेळ झाल्याचं सांगते. पहिलीसाठी लोक धावत येतात. दुसरीकडे कितीजण लक्ष देतात ते आपण टीव्हीवर पाहतोच.

मराठी माणसाला मात्र घंटेची खरी रीत शिकवली ती नाटकाने. पहिली घंटा: बाहेर चहा पिणाऱ्यांनी पेला खाली ठेवावा. दुसरी: जागेवर बसावं. तिसरी घंटा झाली की अंधार, आणि पडदा. तीन वेळा सांगितलं जातं, मध्ये उसंत दिली जाते, धावत येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यालाही खुर्ची सापडावी म्हणून. कोरोनात नाट्यगृहं बंद होती, ती महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तेव्हा 'तिसरी घंटा' पुन्हा वाजली म्हणून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवर ते पाहताना माझ्याही आलं. सुघोषाही तीनदाच वाजली होती, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

आता जरा मोठ्या घंटांकडे येते, कारण आमच्या सिल्वाशाच्या इतिहासात त्यांचा संबंध आहे, आणि तो फार कुणी सांगत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. दोन वर्षं चाललेली मोहीम. वसईच्या किल्ल्यात आणि आसपास पोर्तुगीजांची चर्चं होती, त्यांच्या मनोऱ्यांत युरोपी पद्धतीच्या ओतीव घंटा. त्या विजयाची खूण म्हणून मराठी सरदारांनी आणल्या आणि महाराष्ट्रभर देवळांत टांगल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळाच्या भिंतीवर उंच टांगलेली घंटा त्यांतलीच. देऊळ १७४७ चं, घंटेवर साल १७२१. 'नारोशंकराची घंटा' या नावानेच ते देऊळ ओळखलं जातं. भीमाशंकरला आहे, तिच्यावर १७२९. आणि वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर आहे, तिच्यावर १७०७ साल, आणि मेरीमाता बाळ येशूला घेऊन.

मेणवलीची मी पाहिली आहे. लग्नानंतर वाईला गेलो होतो तेव्हा. लहानशा दगडी छपराखाली एवढी थोरली घंटा. मी हात लांब करून लोलक हलवला, तर नाद छातीत शिरला आणि बराच वेळ बाहेर येईना. तेव्हा एवढंच वाटलं, की किती सुंदर. आता वेगळं वाटतं. कॅथलिक लोकांत घंटा नुसती टांगत नाहीत. तिला आशीर्वाद देण्याचा विधी असतो, तेल लावतात, नाव ठेवतात, जणू बाळाचं बारसं. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, ती सगळ्या गावाला प्रार्थनेची आठवण करून देते. कुणी मेलं तर सांगते. आणि गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासून ईस्टरपर्यंत ती मुकी राहते, तिच्याऐवजी लाकडी खुळखुळा फिरवतात. शोकात घंटाही गप्प. मला ही रीत फार आवडली.

म्हणजे मेणवलीच्या घंटेला एक नाव होतं, एक गाव होतं, ती अख्ख्या गावाला हाक मारायची. आता ती ज्याच्या त्याच्या हाताने, ज्याच्या त्याच्या देवासाठी वाजते. कुणी म्हणेल, अपमान झाला. मला तसं ठामपणे म्हणवत नाही. पोर्तुगीजांनी त्याआधी याच पट्ट्यात देवळं पाडली होती, हे विसरून कसं चालेल? आणि मराठ्यांनी घंटा वितळवून तोफा ओतल्या नाहीत. मेरीमातेचं चित्र घासून काढलं नाही. तिला देवाच्याच दारात टांगलं. लुटीच्या मालाला यापेक्षा बरी जागा क्वचितच मिळाली असेल. पण लुटीचाच माल, हेही खरं.

आता सिल्वाशाचा धागा. मेणवली हे नाना फडणवीसांचं गाव. त्यांचा वाडा त्या घाटालगतच आहे. नानांच्याच कारभारात, १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ साली पोर्तुगीजांच्या 'सांताना' नावाच्या जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याची भरपाई आणि पुढची दोस्ती म्हणून नगर हवेलीतली गावं १७८३ साली पोर्तुगीजांना महसुलासाठी दिली गेली. दादरा त्यानंतर दोन वर्षांनी गेलं. म्हणजे एका पिढीने पोर्तुगीजांच्या घंटा काढून आणल्या आणि दोन पिढ्यांनी, त्यांतली एक घंटा ज्याच्या गावात टांगलेली त्याच कारभाऱ्याच्या काळात, आमचं सिल्वासा त्यांच्या घंटेखाली गेलं. मग पावणेदोनशे वर्षं. आजही गावात पोर्तुगीजांच्या काळातलं अवर लेडी ऑफ पायटीचं चर्च आहे. रविवारी सकाळी तिथली घंटा ऐकू येते. ज्यांच्या घरी पोर्तुगीज राज्याच्या कडू आठवणी आहेत त्याही बाया त्या घंटेवर घड्याळ लावतात.

१९५४ चं काय झालं ते इथल्या शाळेतल्या पोरांना पाठ असतं, तरी थोडक्यात. २२ जुलैला दादरा सुटलं. त्यानंतर नरोली. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि त्यांच्याबरोबरचे स्वयंसेवक सिल्वाशात शिरले. त्यांत पुण्याकडची पोरं पुष्कळ होती. गायक-संगीतकार सुधीर फडके या लढ्यात स्वतः होते आणि खर्चासाठी लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. पुढे सात वर्षं इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालला, आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हा मुलूख रीतसर भारतात आला. हे पुस्तकातलं. पण त्या रात्री घराघरांत आत काय चाललं होतं? बायकांनी, पोरांनी काय केलं? ते पुस्तकात नाही. तेच ऐकायला आम्ही सात जणींना बोलावलं होतं. आणि त्यांतल्या एकीला मी घंटी वाजवून बसवलं.

आणखी एका घंटेबद्दल सांगते आणि मग आमच्या सभेकडे येते. ११ सप्टेंबर १८९३, शिकागो. सर्वधर्म परिषद भरली, ज्यात स्वामी विवेकानंद बोलले. त्याच व्यासपीठावर आपले वीरचंद राघवजी गांधीही होते, महुव्याचे, वय अवघं एकोणतीस. आचार्य आत्मारामजी महाराजांना आमंत्रण होतं, पण साधूंना समुद्रप्रवास करता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना पाठवलं. सकाळी दहाला परिषद सुरू झाली ती घंटेच्या दहा टोल्यांनी, दहा धर्मांच्या नावाने एकेक टोला. मोठ्याने वाजणाऱ्या देशात आपला एक माणूस काठेवाडी पगडी घालून तो नाद संपण्याची वाट पाहत बसला असेल, हे चित्र मला आवडतं. तिथेही घंटा सुरुवातीला होती. प्रत्येक पाहुण्याचं बोलणं तोडायला नव्हती.

तर आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, मला घंटी वाजवायची नाही. त्यावर जे झालं ते अपेक्षित नव्हतं. एक जण म्हणाली, "मग काय, चार तास ऐकत बसायचं?" तिचंही बरोबर. प्रत्येकीला घरी स्वयंपाक असतो, चोविहार करणाऱ्यांना सूर्यास्ताआधी जेवायचं असतं. दुसरी म्हणाली, देव्हाऱ्यातली घंटी सभेत आणलीच कशी. पूजेची वस्तू ती, तिच्यावर चहाचे शिंतोडे उडतात. तिसरी स्थानकवासी. ती नेहमी गप्प असते, त्या दिवशी बोलली. तिला घंटेचाच त्रास होतो. वाऱ्यातल्या जीवांचा विचार करून मुखाला पट्टी बांधणाऱ्या घरात ती वाढली. तिच्या कानाला ती खणखण म्हणजे विनाकारण मारलेला फटका. आणि चौथी, जिच्या कानात यंत्र आहे, ती म्हणाली की तुमची घंटी माझ्या डोक्यात सुईसारखी जाते. तीन वर्षं मी तिच्या शेजारी बसून वाजवत होते. मला कल्पना नव्हती.

त्या दिवशी बैठक फार लांबली. पण त्यातून आमची एक रीत तयार झाली. ती काही मोठी नाही.

देव्हाऱ्यातली घंटी परत देव्हाऱ्यात गेली. सभेसाठी वेगळी घेतली, तीही काशाचीच. पितळेची स्वस्त मिळते, पण तिचा आवाज कोरडा, लगेच तुटणारा. काशात तांब्याबरोबर कथील असतं, साधारण चाराला एक, म्हणून नाद गोल निघतो आणि हळू विरतो. घेताना दुकानात दहा तरी वाजवून पाहा, दुकानदार वैतागला तरी. ती मऊ फडक्यावर ठेवायची, टेबलावर आपटायची नाही. धरायची दांड्याला, अंगाला बोटं लावायची नाहीत, नाहीतर नाद दबतो. मनगट एकदाच हलवायचं. मंदिरात काही पोरं टांगलेली घंटा झोंबून झोंबून वाजवतात तसं नाही. व्हिएतनामचे बौद्ध भिक्षू थिक न्हात हान्ह यांच्याकडे घंटा 'मारली' असं म्हणत नाहीत, तिला नादाचं 'आमंत्रण' दिलं असं म्हणतात. आधी हात ठेवून अर्धाच आवाज काढायचा, ती जागी व्हावी आणि ऐकणारेही. मग पूर्ण. मी हे आमच्या बायकांना सांगितलं तर एकीने विचारलं, "अर्धा आवाज कशाला? म्हणजे मिस्ड कॉल?" सगळ्या हसलो, पण आता 'मिस्ड कॉल' हे नाव पडलं आहे आणि कानात यंत्र असलेल्या मैत्रिणीला त्याचा खरंच उपयोग होतो. तिला कळतं, आता वाजणार.

वाजवायची फक्त सुरुवातीला आणि शेवटी. वाजवली की नाद पूर्ण विरेपर्यंत वाजवणारीनेही बोलायचं नाही. हे सगळ्यांत अवघड. मला अजून जमत नाही, तोंडात "तर आता" तयारच असतं. स्थानकवासी मैत्रीण सभा चालवते तेव्हा घंटी नाही, ती दोन्ही हात जोडून उभी राहते आणि सगळ्या गप्प होईपर्यंत उभीच राहते. तिला घंटीपेक्षा कमी वेळ लागतो, हे इथे लिहून ठेवते.

आणि वेळ झाल्याचं कसं सांगायचं? वाळूची घडी ठेवतो, बोलणारीच्या समोर, आमच्याकडे नाही. तिला दिसते. वाळू संपली तर तिने वाक्य पूर्ण करावं. एखादी फारच रमली तर शेजारी बसलेलीने हलकेच तिच्या हातावर हात ठेवायचा. याने सभा दहा-पंधरा मिनिटं लांबते. लांबू दे. 'वेळ पाळणारी बाई' म्हणून असलेली माझी कीर्ती त्यात गेली.

एक मात्र माझं मत. कितीही रीती केल्या तरी घंटी ज्याच्या हातात ती व्यक्ती सभेत वरच्या जागी बसते. समवसरणात बारा कोठे असतात. देव, माणसं, आर्यिका, श्राविका, पशूसुद्धा आपापल्या जागी बसतात आणि दिव्यध्वनी ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळतो. कुणी कुणाला गप्प करत नाही. आपल्या सभेत गुजराती, मराठी, हिंदी, वारली, सगळ्या भाषा आहेत. दिव्यध्वनी आपल्याकडे नाही, म्हणून घंटी लागते. ती हातोहात फिरावी. म्हणून आम्ही दर महिन्याला वाजवणारी बदलतो.

बांकडे मी गेले ते मात्र बरंच उशिरा. लाज वाटत होती. शेवटी पर्युषणानंतर, क्षमापनेचं निमित्त धरून गेले. "मिच्छामि दुक्कडम्, बा," म्हटलं. त्यांना आधी आठवेचना कशाबद्दल. सांगितलं तर हसल्या. मग चहा, सुनेचं कौतुक, गुडघे, सगळं झालं. १९५४ काढलं तर म्हणाल्या, मी लहान होते गं, काय आठवतंय. मी उठले. चप्पल घालत होते तेव्हा आतून म्हणाल्या, "दादीए घंटडीने कपडुं बांध्युं हतुं."

मी चप्पल काढून परत आत गेले. गोळीबाराचे आवाज आले होते, कुणीतरी म्हणालं होतं की आज रात्री लोक घरात शिरतील. घरात देरासर होतं, छोटी घंटी होती. पोरांनी चुकून हात लावला, वाऱ्याने हलली, तर बाहेर कळेल की आत माणसं आहेत. म्हणून दादीने आपल्या जुन्या साडीची पट्टी फाडून घंटीच्या जिभेला गुंडाळली आणि वर गाठ मारली. दुसऱ्या दिवशी पूजा झाली ती घंटीशिवाय. पोरांना ते फार विचित्र वाटलं, असं बा म्हणाल्या. बाहेर लोक ओरडत, नाचत होते आणि आत त्या मुक्या घंटीसमोर आरती.

मी विचारलं, "मग ते कापड सोडलं कधी?"

बांनी बराच वेळ विचार केला. मी मोबाइल पर्समधून काढला नाही. घड्याळाकडेही पाहिलं नाही. बाहेर दुधवाला आला, सुनेने पातेलं नेलं, आणलं. "याद नथी," त्या म्हणाल्या. घंटी अजून त्यांच्याकडेच आहे. वापीच्या मुलीकडे दिली असं आधी म्हणाल्या, मग म्हणाल्या, नाही, वरच्या कपाटात असेल. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी मिळून ते कपाट काढणार आहोत.